भिंत जोडलेली आहे, पण फरशीला लागत नाही

कोणाला पालीची किळस येते, कोणाला झुरळाची. मला येते ती संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात उमटणाऱ्या पिवळ्या चौकोनाची. आजही तो दिसला की तोंड कडू होतं. पाल निदान झाडूनं हाकलली तर जाते. हा मेला जात नाही. तुम्ही 'ओके' दाबा, नाहीसा होतो. जरा एक खिडकी सरकवा, की हा पुन्हा हजर.

मी इमारतींची मॉडेलं बनवते. ब्रह्मपुरीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली शेअर जीपवाले 'वडसा, वडसा, वडसा' करून ओरडायचे आणि वर मी भिंती उभ्या करायची. हल्ली नुसता नकाशा काढून भागत नाही. आख्खी इमारत आधी पडद्यावर उभी करायची, पायापासून टाकीपर्यंत, मग तीच हवी तिथे कापून नकाशे काढायचे. सॉफ्टवेअर महागडं, आव मोठा. पण एकच एक तक्रार माझ्या मागे लागली होती: अमुक भिंत तमुक फरशीला जोडलेली आहे, पण तिला लागत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचं बूड फरशीला जोडून ठेवता येतं. फरशी वर नेली की भिंत तिच्यासोबत वर जाते. सोय चांगली. पण जोडलेली आहे आणि लागत नाही, म्हणजे भिंत अधांतरी आहे की काय, हे ते काही सांगत नाही. वर त्या चौकोनात 'दाखवा' असं एक बटण असतं. ते दाबलं की उत्तर यायचं, दाखवण्याजोगं दृश्य सापडलं नाही. मग कशाला बटण ठेवलंस, मुडद्या!

आमच्या साहेबांचं या बाबतीत एक शास्त्र होतं. ते पानाची पिचकारी खिडकीतून खालच्या पत्र्यावर टाकायचे, तोंड पुसायचे आणि सांगायचे, "मॅडम, पिवळं असन तं दाबून टाकाचं. लाल असन तं मले बोलवाचं." मी लाल आल्यावर बोलवायची. ते यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि लालही दाबून टाकायचे. वर हसून म्हणायचे, "अरे, वॉर्निंग है, कोई मरा थोडी है." त्या पत्र्यावर पिचकाऱ्यांचे थरावर थर चढले होते. खिडकी उघडली की वास यायचा, म्हणून माझ्या बाजूची खिडकी मी बंदच ठेवायची, उन्हाळ्यातसुद्धा.

आमच्या भागात नवी फाईल कोणी उघडतच नाही, हे आधी सांगायला हवं. कधी काळी गडचांदूरकडच्या एका कॉलनीच्या क्वार्टरांची फाईल कोणीतरी नीट बनवली होती. दारं-खिडक्या तयार, नकाशाच्या कागदाची चौकट तयार, सगळं जागच्या जागी. मग काय! नवं काम आलं की तीच फाईल उघडायची, दुसऱ्या नावानं सेव्ह करायची, जुनी इमारत दडवायची आणि त्यातच नवी बांधायची. दडवायची हं, पुसायची नाही. पुसलं तर काय कुठे तुटेल याचा कोणाला भरवसा नाही. क्वार्टरांच्या फाईलवर मोहर्लीचं रिसॉर्ट झालं. रिसॉर्टवर लग्नाचं लॉन झालं. लॉनवर एका डॉक्टरांचा दवाखाना. थोरल्याचे कपडे धाकट्याला, धाकट्याचे शेंडेफळाला, तसं. पेनड्राइव्हवरून ही फाईल इतर ऑफिसांतही गेलेली. या जिल्ह्यातल्या कितीतरी नव्या इमारती एकमेकींच्या सख्ख्या चुलत बहिणी आहेत आणि त्यांच्या मालकांना ते माहीत नाही.

अशात आमच्या गावच्या विहाराचं काम आलं. मीच आणलं, आणि आणलं म्हणून कितीदा पस्तावले.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, धानाच्या बांध्यांत. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. शेत बटईनं देते, घरामागे शेळ्या ठेवते, आणि माझ्याकडे ब्रह्मपुरीला ये म्हटलं की म्हणते, तुह्या खोलीत मले दम लागते. मागच्या मोठ्या पुरात वरच्या धरणाचं पाणी सुटलं, नदीनं नाला मागे लोटला, आणि शाळेची वाट बुडाली. गावात उंचावर काय ते एक शाळा, आणि नेमकी ती पाण्यापलीकडे. आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून आख्खा दिवस काढला. आई ट्रॉलीत चढली तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं. पत्र्याचं जुनं विहारही बुडालं.

पुढे नव्या विहाराची गोष्ट निघाली तेव्हा आई बैठकीत उठून उभी राहिली. बाईमाणूस बैठकीत फारसं बोलत नाही, ती बोलली. पांदणीच्या वरच्या अंगाला आमची एक जागा होती. तिथे ती वांगी लावायची. ती म्हणाली, "जागा मी देतो. पन फरशी पान्याच्या वर पाह्यजे. बुद्धाले बसाले जागा होईन अन् पुरात लोकायले उभं राह्यले." दुसरी कुठली अट नाही. नाव कोरायचं नाही, पाटी नाही. टाळ्या झाल्या. आणि माझी लेक नकाशे बनवते, हे तिनं तिथेच सांगून टाकलं.

आमच्या घराच्या भिंतीवर त्या पुराची मातकट रेघ अजून आहे. आईनं ती कधी चुन्यानं झाकली नाही. गवंड्याची पाण्याची नळी लावून मी ती उंची वांग्याच्या जागेवर नेली. तिथे ती माझ्या मांडीपर्यंत आली. म्हणून विहाराची फरशी मी कमरेएवढी धरली आणि चढायला पायऱ्या काढल्या. सोपं काम. पडद्यावर फरशी उचलून वर ठेवली, आणि त्या क्षणी पिवळे चौकोन असे आले की विचारू नका. सगळ्या भिंतींची तीच तक्रार, जोडलेली आहे, लागत नाही.

मी भिंत सोडवली, पुन्हा जोडली. गेला चौकोन. घरी जाऊन भात खाल्ला, सकाळी फाईल उघडली, की चौकोन हजर. एक भिंत पुसून नवी काढली. ती कोपऱ्यात शेजारणीला टेकली आणि तिच्यासोबत अधांतरी झाली. मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाहिले. 'हॅलो गाईज' म्हणून एक माणूस भारी उत्साहानं सुरुवात करायचा, आधी चॅनेल सबस्क्राइब करायला सांगायचा, मग आपल्या फाईलमध्ये एक साधी भिंत काढून एक साधा चौकोन घालवून दाखवायचा. शी! तुझ्या फाईलमध्ये काय आहे रे, एक भिंत आणि एक फरशी. इथे ये. इथे उकिरडा आहे.

उकिरडाच होता, हे मला लवकरच कळलं. या सॉफ्टवेअरमध्ये दडवलेलं सगळं एकदम दिसेल अशी एक सोय असते, बल्बचं चिन्ह असतं तिला. नकाशात गर्दी होते म्हणून मी कधी ते दाबलं नव्हतं. त्या दिवशी वैतागून दाबलं. आणि माझ्या विहाराच्या आतून-बाहेरून, वरून-खालून सगळं वर आलं. क्वार्टरांच्या रांगा. दवाखान्याची एक्स-रेची खोली. लग्नाच्या लॉनचं स्टेज, नवरा-नवरीच्या सिंहासनासकट. मोहर्लीच्या रिसॉर्टचा पोहायचा तलाव. आणि जिथे मी तथागतांच्या मूर्तीचा चौथरा ठेवला होता, त्याच्या बरोबर खाली रिसॉर्टचं दारूचं काउंटर, पुढे उंच स्टुलं मांडलेली. खोटं सांगत नाही, उठून पाणी प्यायले.

मग एकेक भिंत निवडून पाहिली तेव्हा गोम सापडली. भिंती मी क्वार्टरांतल्याच उचलून वापरल्या होत्या, ऑफिसात सगळेच तसं करायचे. त्या अजूनही क्वार्टरांच्या दडवलेल्या फरशीला जोडलेल्या होत्या. तिकडची जमीन खडकाळ, कोरडी, फरशी घोट्याच्या थोडी वर. माझी फरशी कमरेएवढी वर गेली, भिंतींचं बूड खालीच राहिलं, आणि भिंती आपली जुनी फरशी शोधत बसल्या. चौकोन खरं तेच सांगत होता. उपाय होता, फक्त किचकट. सगळ्या भिंती सोडवायच्या, नव्या फरशीला जोडायच्या, आणि ती सगळी भुतं एकदाची पुसून टाकायची.

साहेबांना बोलावून बल्ब दाबून दाखवलं. मला वाटलं, शरम वाटेल. ते काउंटर पाहून खुदखुदून हसले. "हे मोहर्लीचं हाय. मस्त झालं होतं ते."

"सर, हे विहाराच्या फाईलमध्ये आहे. मूर्तीखाली."

"मंग? कोनाले दिसते काय? प्रिंटमधी येते काय?"

"मी पुसून टाकते."

"हात नका लावू मॅडम. त्याच्यातच सारं सेट हाय. एक काढान अन् दहा पडतीन. मी पाहतो ते. तुमी गडचांदूरले जा, तिथी गोदामाचे मापं घ्याचे हायेत."

माझ्या आईची जागा, माझ्या गावचं विहार, आणि मापं घ्यायला मी गडचांदूरला. निघताना त्यांना पुन्हा सांगितलं, सर, फरशीच्या उंचीला हात लावू नका, ती पुरासाठी आहे. ते मोबाईलमध्ये बघत 'हो हो' म्हणाले. गडचांदूरला काही दिवस गेले. तिथे सगळ्यावर सिमेंट कारखान्यांची पांढरट धूळ, झाडाच्या पानावर, चहाच्या ग्लासावर, ओठावर. दातात कचकच होते. मला एवढं आठवतं की मी चहा पिताना सारखी विहाराच्या भिंतींचा विचार करत होते, कोणती आधी सोडवायची.

परत आले, फाईल उघडली, आणि एकही चौकोन नाही. खिडकी सरकवली, नाही. दार फिरवलं, नाही. मी वेडीसारखी इकडचं तिकडे करून पाहिलं. स्वच्छ! साहेबांविषयी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात बरं आलं. म्हटलं, माणूस पान खातो, पिचकाऱ्या मारतो, पण बसला की काम करतो. त्यांना जाऊन थँक्यूसुद्धा म्हटलं, आता आठवलं की अंगावर काटा येतो. ते म्हणाले, "प्रिंट बी गेली गावाले. मिस्त्रीनं काम सुरू केलं."

त्यानंतर काही आठवड्यांनी पायऱ्यांचा बारीक नकाशा काढायला म्हणून मी इमारत मधून कापली. माझ्या पायऱ्या हवेत. वरची पायरी कुठेच टेकत नव्हती. फरशी पाहिली तर खाली, घोट्याच्या वर, क्वार्टरांच्या फरशीवर चपखल बसलेली.

"सर, विहाराची फरशी खाली कशी आली?"

"एरर जात नोती ना," साहेब म्हणाले. "फरशी खाली घेतली, साऱ्या भिंती लागल्या. एका क्लिकमधी साफ."

"सर, ती पुरासाठी वर होती. मी सांगून गेले होते."

"पूर काय कंप्युटरमधी येते काय, मॅडम?"

चप्पल लहान पडली म्हणून पायाची बोटं छाटायची, आणि वर म्हणायचं, पाहा कशी बसली! माझं डोकं फणफणलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, ते ऐकता ऐकता पानाला चुना लावत होते. शेवटी म्हणाले, "आता गेली ना प्रिंट. पाहून घेऊ." मी पर्स उचलली आणि गावाकडची जीप पकडली.

पायाचं काम आटोपलं होतं. वांग्याच्या जागेवर चारी बाजूंनी खालचा बीम, ज्याच्या उंचीवर फरशी बसते तो, पडला होता, त्याच्या आत मुरूम भरून दाबलेला, कॉलमचे गज वर उभे. बीमवर मी उभी राहिले आणि खाली उतरायला पायरी लागली नाही, नुसता पाय टाकला. शेजारी समितीचे अध्यक्ष उभे होते. ते निवृत्त मास्तर, गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भारी खुशीत होते. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन ठरलं होतं, भंतेजींना बोलावणं गेलं होतं.

"भाऊ, ही फरशी खूप खाली आहे," मी म्हटलं. "कमरेपर्यंत पाहिजे होती. पुराचं पाणी आत जाईल."

"असं कसं? सायेबानं तं फोनवर सांगतलं, कंप्युटरमधी एक बी एरर नाई म्हने."

"कंप्युटरचं सोडा भाऊ. हे बघा ना डोळ्यांनी."

भाऊ बघत होते, पण पौर्णिमा बघत होते. चार माणसं जमली. एक म्हणाला, पाणी काय दरसाल येते काय. दुसरा म्हणाला, आलं तं पुसून घेऊ. तिसऱ्यानं, बीमवर अजून एक बीम टाकायचा म्हणजे किती काम वाढेल, ते सांगायला सुरुवात केली. ज्या लोकांनी ट्रॉलीत उभं राहून दिवस काढला, तेच लोक. मला इतका वीट आला की वाटलं, बुडा, बुडा सगळे एकदा.

तेवढ्यात आई आली. हातात शेळीचा कासरा, शेळी मागे. तिनं सगळं ऐकून घेतलं. बीमकडे पाहिलं. मग भाऊंना म्हणाली, "भाऊ, मंग माह्यी जागा मले वापस द्या."

"अवं बाई, असं काऊन बोलून राह्यली?"

"मी फरशी पान्याच्या वर पाह्यजे म्हटलं होतं का नाई? तुमी हो म्हटलं होतं का नाई? हे नाई होत असन तं हा मुरूम उचला. मी वांगे लावतो इथी."

शेळीनं तेवढ्यात मुरमाच्या कडेला उगवलेलं गवत ओढायला सुरुवात केली. कोणी हसलं नाही. जागेचं दानपत्र अजून व्हायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "सायेबाले बोलवा."

साहेब गाडी घेऊन आले. कडुनिंबाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. आधी पाणी झालं, चहा झाला. मग साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांसमोर, माझ्या आईसमोर, गोड आवाजात बोलले, "आमच्या मॅडमकडून लेव्हल चुकली. होते कधी कधी. मी सुधारून देतो. नवीन नकाशावर सही मारून देतो, टेन्शन नका घेऊ."

बोलताना ते माझ्याकडे बघत होते. त्यात काय होतं ते मला पुरतं समजलं. नकाशावर सही चालते ती त्यांची, शिक्का त्यांचा. सही नसेल तर मिस्त्री विटेवर वीट ठेवणार नाही. मी 'खोटं आहे' म्हटलं असतं तर साहेब गाडीत बसून निघून गेले असते, आणि फरशी घोट्याएवढीच राहिली असती. तोंडात थुंकी गोळा झाली होती. ती गिळली आणि मान हलवली. आई माझ्याकडे एकटक बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बुद्धपौर्णिमा हुकली. भंतेजींना निरोप गेला. भाऊ मला पाहून दुसरीकडे तोंड करायला लागले. विहिरीवर बाया मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. एक तर तोंडावर म्हणाली, "एवढी शिकली अन् घोटा कुठी, कंबर कुठी, तेवढं बी समजलं नाई काय वं?" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन भांडी इतकी जोरात घासली की आई म्हणाली, कल्हई काढतं काय. त्यापलीकडे ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वाटलं, हिलाही खरंच वाटतं आहे.

ऑफिसात येऊन मी नवी, कोरी फाईल उघडली. त्या खोलीत तसं कधी कोणी केलं नव्हतं. साहेब म्हणाले, "कायले टाइम खराब करून राह्यल्या?" दारं नव्यानं केली, खिडक्या नव्यानं, नकाशाची चौकटसुद्धा. विहार पुन्हा उभारलं, कमरेएवढं उंच. मध्येच एकदा तो पिवळा चौकोन आला. पाहिलं तर मागच्या बाजूची एक भिंत खरंच माझ्याकडून आखूड राहिली होती. ती नीट केली, तो गेला, परत आला नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. किळस यायची ती दुसऱ्याच कोणाची, हे तेव्हा नीट कळलं. साहेबांनी सही केली, पानाचा एक लाल ठिपका कागदाच्या कोपऱ्यावर पाडून.

बीमवर दुसरा बीम चढला. फरशी वर गेली. पावसाळ्याच्या तोंडावर छताचा स्लॅब पडला आणि काम थांबलं. दारं नाहीत, प्लास्टर नाही, मूर्ती अजून जुन्या विहारात. पायऱ्या तेवढ्या बांधून झाल्या होत्या. उद्घाटनाचं नाव कोणी काढत नव्हतं.

भाद्रपदात पाणी आलं. मी ऑफिसात होते. ब्रह्मपुरीतही पाऊस लागून होता, जीपा बंद, खाली आरडाओरडा नाही. सकाळपासून आईचा फोन लागत नव्हता. मी पुन्हा पुन्हा लावत होते. दुपारी साहेबांनी मला हाक मारली आणि आपला मोबाईल पुढे केला. गावातून कोणीतरी फोटो पाठवला होता. चोहीकडे गढूळ पाणी, मध्ये विहार, विटांच्या उघड्या भिंती, आणि फरशीवर माणसं, शेळ्या, गाठोडी. साहेबांनी तो फोटो आपल्या स्टेटसला ठेवला होता, खाली लिहिलं होतं: आमचं डिझाइन, पुरातही भक्कम.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "फरशी उंच असली का असा फायदा होते."

मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. मी जिन्यात आले. तिथे उभी असतानाच फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज आईचा.

"आई! कुठं आहेस तू? पाणी कुठपर्यंत आलं?"

"विहारात हावो. पायऱ्या बुडाल्या, वरची एक राह्यली. फरशीवर नाई आलं. सारे हायेत इथी, मूर्ती बी आनली भाऊनं डोक्शावर."

"आणि घर?"

"घरात तं गेलं. कोठीतले धान गेले. जाऊ दे." मागे माणसांचा गलका होता, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आयक. मी साऱ्यायले सांगून देल्लं इथी. लेव्हल तू नोती चुकवली म्हनून. त्या दिवशी तुह्या तोंडाकडं पाह्यलं तवाच मले समजलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू फरशीसाठी चूप राह्यली, मी बी फरशीसाठी चूप राह्यली." आता तिचा आवाज पुन्हा मोठा झाला. "रडू नको. ठेवतो आता. एकच फोन चालू हाय, लोकायले बी आपल्या लेकरायले सांगाचं हाय का आपन जिते हावो म्हनून."